पिवळी खूण

“ओघळ कुठाय?” कॅझने विचारलं.

डिकीत डोकं घालून तो बोटाने पत्रा चाचपत होता. रेनाटाने रंगाची बंदूक खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

“काढून टाकला, ताता. रंगाचा ओघळ म्हणजे दोष. दिवसभर दुकानात लोकांच्या गाड्यांचे ओघळच घासत असते मी.”

“कारखान्यातून आली तेव्हा होता. परत आण.”

बाप म्हातारा होतो तसा मऊ होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कॅझ वोयतासच्या घरी एक आठवडा राहून दाखवावं. गाडी सत्तर सालची, दोन दारांची, बॉनेटखाली राक्षसी इंजिन. शनिवारी डेट्रॉइटच्या प्रदर्शनात उभी राहायची होती. तिथल्या परीक्षकांची तऱ्हा निराळी. गाडी मूळ होती त्याहून चांगली केलीत तर ते गुण कापतात. त्यामुळे डागडुजीत हयात घालवलेली रेनाटा गेला हिवाळाभर डाग पाडत बसली होती, आणि बाप मागे उभा राहून डाग नीट पडला का ते बघत होता.

बघणं हाच त्याचा धंदा. अशाच गाड्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. गाडी पसंत पडली की इंजिनामागच्या पत्र्यावर तो पिवळ्या मेणखडूने बरोबरची खूण करायचा. त्या खुणेशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. त्या खडूचा तुकडा अजून त्याच्या खिशात असे. या गाडीवर सगळं होतं, ती खूण तेवढी नव्हती.

“आता तरी करा,” असं रेनाटाने कितीदा म्हटलं असेल.

“बघू,” तो म्हणायचा आणि खिशावर हात ठेवायचा.

तिला हे नवं नव्हतं. शाळेचं प्रगतिपुस्तक असो, पहिलं वेल्डिंग असो, या माणसाने फक्त ‘हं’ म्हटलं होतं. लग्नाचा पोशाख घालून ती समोर उभी राहिली, तेव्हासुद्धा ‘हं’. नवरा पुढे गेला सोडून, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी एक शब्द बोलायला काय झालं होतं?

गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले आणि गाडी तिच्या गळ्यात पडली. तो पायात पायात येऊ नये म्हणून तिने त्याला त्याच गाडीचं प्लॅस्टिकचं छोटं मॉडेल आणून दिलं. झालं उलटंच. स्वयंपाकघराचं टेबल गेलं. दोघांना पिएरोगीची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, ताटली मांडीवर घेऊन जेवावं लागे आणि प्रत्येक घासाला गोंदाचा वास. तो तासभर चिमट्याने आरसा चिकटवायचा, आरसा जमिनीवर पडायचा, पोलिश भाषेतल्या सगळ्या शिव्या होऊन जायच्या आणि मग स्वारी पुन्हा गॅरेजमध्ये हजर.

रेनाटाने ओघळ परत आणला, तोवर कॅझ चहाच्या निमित्ताने घरात जाऊन आला. मग तिने बॉनेटवरच्या काळ्या पट्ट्यांच्या कडेची चिकटपट्टी सोलून काढली. डावा पट्टा पुढे जाता जाता अर्धं बोट आत वळला होता. हा ओघळ नव्हता, कारखान्याचा डाग नव्हता. ही तिची स्वतःची चूक होती.

कॅझ वाकला. डोळे बारीक करून पट्ट्यावरून नजर फिरवली.

“हं,” तो म्हणाला.

तिने घासायचा कागद उचलला.

“हात लावू नकोस.”

“परवा प्रदर्शन आहे आणि पट्टा वाकडा आहे, ताता. कारखान्याचा वाकडेपणा चालतो तुम्हाला, माझा कशाला ठेवायचा?”

उत्तराची वाट न बघता ती चिकटपट्टीचं नवं रीळ आणायला घरात गेली. स्वयंपाकघरात टेबलावर मॉडेल पूर्ण होऊन उभं होतं. त्याच्याही बॉनेटवर दोन काळे पट्टे, आणि डावा पुढे जाऊन आत वळलेला. रंग अजून ओला होता. म्हणजे मघाशी तो चहाला म्हणून आत आला होता तो याचसाठी. चिकटपट्टी वाकडी लागलीय हे तिच्या आधी त्याला दिसलं होतं. रेनाटाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मॉडेल उचलून तशीच गॅरेजमध्ये आली.

“माझी टिंगल करायला वेळ आहे तुम्हाला?”

“टिंगल कसली?” कॅझ खरोखरच गोंधळला. “गाडी जशी बनली तशी करायची असते. ही तू बनवलीस.”

बोटांना चाळा म्हणून तिने मॉडेलचं इवलंसं बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या नखाएवढ्या पत्र्यावर पिवळं पिवळं माखलं होतं. खूण केलेली, खरवडलेली, पुन्हा केलेली, पुन्हा खरवडलेली. एकही सरळ नव्हती.

“हे काय?”

कॅझने थरथरणारा हात खिशात कोंबला.

“सराव,” तो म्हणाला. “गाडी कधीच पास झालीय गं. पण तुझ्या कामावर माझी वाकडी रेघ कशाला?”

रेनाटाने घासायचा कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला, मोठ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि बापाच्या खिशातला खडू काढून त्याच्या हातात दिला.

“वाकडीच काढा,” ती म्हणाली. “पट्ट्याला शोभेल.”