झिऱ्याचं पाणी

“नाई, पाणी नाई पाह्यजे,” मुखरूजी म्हणाले आणि हरिदासच्या हातातला तांब्या न घेताच झोपडीबाहेरच्या दगडावर टेकले.

मे महिन्यातली दुपार होती. एसटीच्या फाट्यापासून जंगलातल्या कॅम्पपर्यंतची वाट पानं झडलेल्या सागातून येते; सावली म्हणून नाही. त्या वाटेनं चालत आलेला माणूस पाणी नको म्हणतो, हे हरिदासच्या कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. मुखरूजींचे ओठ फुटले होते. खांद्यावरची छागळ रिकामी होऊन सुरकुतली होती. म्हणजे पाणी त्यांनी घरूनच बरोबर घेतलं होतं. फडक्यात बांधलेली भाकरही होती.

ते गोकुळाचे वडील. सिंदेवाहीकडचे, तळ्यात मासे धरणारे ढिवर. हरिदास बौद्ध, बॉटनीचा पदवीधर, जंगलात बांबूच्या मोजणीवर. गोकुळानं त्याच्याशी चंद्रपूरला रजिस्टर लग्न केलं, तेव्हा मुखरूजी आले नाहीत. पुढे दिवाळी गेली, संक्रांत गेली, माहेरचं कुत्रंही इकडे फिरकलं नाही. गोकुळा त्यावर बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, “बाबानं हे घर मानलं नाई, तर मी त्या गावात पाय नाई ठेवणार. पण मंग मी जगंन कशी, ते मले नाई माहीत.”

“गोकुळा कुठी हाये?” मुखरूजींनी विचारलं.

“झिऱ्यावर. येईलच आता.”

कॅम्पवर ना नळ, ना विहीर. नाला आटला की वाळूत खड्डा करायचा आणि झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं भरायचं. तोच झिरा.

“रोज तेच भरते?”

“नाही, आलटून पालटून. मी कावडीनं आणतो. डोक्यावर घ्यायला गेलो तर निम्मं अंगावर येतं. गोकुळा हसते.”

मुखरूजी हसले नाहीत. “तुमी भरता म्हणता,” एवढंच म्हणाले.

ते तुमी तुमी हरिदासच्या कानाला टोचत होतं. लेकाच्या वयाचा माणूस परका असेल तरच त्याला इतका मान देतात. आणि नाकारलेला तांब्या त्याला नवा नव्हता. त्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत; ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती, की नको म्हणणारा हात तो लांबूनच ओळखायचा.

मुखरूजी उठले. छपराचं गवत त्यांनी दाबून पाहिलं, दाराचा बांबूचा ताटवा हलवून पाहिला. मग समोरच्या झोपडीकडे गेले. तिथे कॅम्पचा चौकीदार इस्तारी राहायचा.

“भाऊ, घोटभर पाणी द्या जी.”

इस्तारीनं वरून धार धरली. मुखरूजी ओंजळीनं प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. तोंडावर पाणी मारून घेतलं.

हरिदास तांब्या धरून पाहत राहिला. तेही त्याच झिऱ्याचं पाणी. इस्तारीचा पाय मुरगळला म्हणून सकाळी हरिदासनंच त्याच्या माठात ओतलेलं.

तेवढ्यात गोकुळा आली. डोक्यावर पाण्याचा गुंड, त्यावर लहान गुंडी. बापाला पाहून ती जागच्या जागी थांबली. गुंडी कलंडली. इतक्या कष्टानं भरलेलं पाणी मातीत गेलं.

“वाळली तू,” मुखरूजी म्हणाले.

“उन्हानं काळी पडली फक्त. तुमी काऊन उन्हाचे निघाले पण? सकाळची गाडी होती ना?”

“त्या गाडीत बकऱ्या होत्या. माणसाले जागा नाई.”

ती हसत हसत आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. दोन्ही हातांनी तो बापापुढे धरला. मुखरूजींनी तांब्याच्या तोंडावर पालथा पंजा ठेवला आणि हळूच मान हलवली.

गोकुळा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. तशीच ती आत पळाली.

आता मात्र हरिदासला राहवेना. “भाऊ,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणावं ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. “इस्तारीच्या माठात माझ्याच हातचं पाणी होतं. ते तुम्हाला चाललं. या घरचं का चालत नाही, ते तिला नको, मला सांगा.”

मुखरूजी बुचकळ्यात पडून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. आतून गोकुळाचा हुंदका की हसू, काहीतरी ऐकू आलं.

“रागावता काऊन, जावईबापू,” ते म्हणाले. “नातू रांगू द्या इथी, मंग गुंडभर पेतो. त्याच्या आधी लेकीच्या घरचं पाणी कोणता बाप पेते?”