नेमकी जागा

जानेवारी १९८६ मधल्या एका रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, श्रीपाद मुंडले यांनी टेकाडावरचं एक खापर उचललं. वॉटरबॅगमधलं पाणी ओतून ते धुतलं, रुमालाने पुसलं. करड्या रंगावर एक काळी रेघ दिसू लागली. खापर तळहातावर घेऊन ते मुलीकडे निघाले.

टेकाड जयपूरपासून तासाभरावर, एका कोरड्या नदीच्या काठी होतं. पुरातत्त्वाचे विद्यार्थी त्यावर दोरीने चौकोन आखून उकिडवे बसले होते. खापर दिसलं की आधी वहीत त्याची जागा लिहायची, मगच त्याला हात लावायचा, एवढाच आजचा धडा होता. मुंडले तो ऐकायला नव्हते. ते तेव्हा बसपाशी चहा पीत होते. मुलगी नेमकं काय शिकते, ते पाहायला ते आले होते. पुढच्या महिन्यात त्यांची नाशिकला बदली होती. विभाला उत्खननाच्या शिबिरासाठी एकटीला मागे ठेवायचं की नाही, हे त्यांनी परतीच्या बसपूर्वी तिच्या प्राध्यापक खंगारोत मॅडमना सांगायचं होतं.

“विभा, हे बघ. रेघ आहे यावर.”

विभाने खापराकडे पाहिलं. मग ओल्या रुमालाकडे.

“कुठून उचललंत, बाबा?”

“तिकडून.”

“तिकडून मतलब? कुठल्या चौकोनातून?”

मुंडल्यांनी वळून पाहिलं. सगळीकडे तीच माती, तशीच खापरं, तशीच बोरीची झुडपं. “नुसतं पडलेलं होतं गं. म्हटलं, कुणाच्या तरी पायाखाली येईल.”

“अडीच हजार वर्षं नाही आलं.”

“बरं, मग तुझ्या चौकोनात सापडलं असं लिही. कोण विचारायला येतंय?”

विभाने पेन्सिल खाली ठेवली. “बाबा, गोदाम जळाल्यावर तुम्ही तिथे जाता, तेव्हा सगळ्यात आधी काय सांगता?”

मुंडले विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. उत्तर सवयीने आलं. “कुणी काही हलवू नका.”

“आणि कुणी हलवलं असेल तर?”

“तर तसं लिहितो. आणि मग तो दावा…” ते थांबले. खापर त्यांनी एकदम दोन्ही हातांत धरलं. “अरे देवा.”

विभाला हसू आलं. तिने त्यांचा कोपर धरला. “चला, शोधू.”

बुटांचे ठसे थोडं अंतर दिसले, मग जमीन टणक झाली. मुंडले एका झुडपापाशी वाकले, दुसऱ्यापाशी वाकले. तिसऱ्यापाशी गुडघा कट्‌कन वाजला.

“इथे नाही,” ते म्हणाले. “मघाशी उचलताना वाजला नव्हता.”

जागा सापडली नाही. विभा तिथेच मांडी घालून बसली आणि वहीत इंग्रजीत लिहिता लिहिता त्यांना मराठीत सांगत गेली. “रंगवलेलं खापर, एक. नेमकी जागा अनिश्चित. उचलणारे, श्रीपाद मुंडले. हुद्दा लिहू?”

“नको. विद्यार्थिनीचे वडील, एवढंच लिही.” ते जवळच्या दगडावर टेकले. “म्हणजे आता हे कुठलंच नाही?”

“या टेकाडाचं आहे. त्याहून जास्त नाही सांगता येणार.”

मुंडले खापराची रेघ बोटाने चाचपत राहिले. “भोपाळहून निघालो तेव्हा तू रिक्षात बसायलाच तयार नव्हतीस. फाटकाला धरून उभी होतीस.”

“जबलपूर, बाबा. भोपाळला मी पाळण्यात होते.”

“जबलपूर,” ते म्हणाले. मग खापर तिच्यापुढे ठेवत म्हणाले, “नाशिकला तुला वेगळी खोली आहे. आईने पडद्यांचं कापडसुद्धा पसंत केलंय.”

“माहितीये.”

खंगारोत मॅडम चौकोन तपासत त्यांच्यापर्यंत आल्या. विभाने स्वतःहून वही पुढे केली. मॅडमनी नोंद वाचली, खापर उन्हात धरलं, उलटून पाहिलं.

“आज का सबसे सुंदर टुकड़ा, और पता ही नहीं,” त्या म्हणाल्या. वही परत देताना त्यांनी विभाच्या खांद्यावर हात ठेवला. “लिखा सही है.” मग मुंडल्यांकडे वळल्या. “मुंडलेजी, नाम आज ही भेजना है. क्या सोचा?”

विभा वहीत बघत राहिली.

“वहाँ तंबू में रात को ठंड कितनी होती है?” मुंडल्यांनी विचारलं.

“बहुत. रज़ाई घर से लानी पड़ती है.”

“इसको पाँव बाहर निकालकर सोने की आदत है.”

“बाबा!”

मॅडम हसल्या आणि पुढच्या चौकोनाकडे गेल्या.

साडेबारा वाजता ड्रायव्हरने हॉर्न दिला. दोऱ्या गुंडाळून विद्यार्थी बसमध्ये चढले. विभाने खिडकीपाशी जागा धरली, शेजारी बाबांसाठी पिशवी ठेवली आणि बाहेर पाहिलं. मॅडम बसच्या दाराशी उभ्या होत्या. मुंडले अजून टेकाडावरच होते. कमरेत वाकून, जमिनीवर नजर ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत ते उतरत होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते.

उत्तर त्यांनी अजून दिलेलं नव्हतं.