भैरीच्या वळणावरची पांढरी जागा

ओहोटीला तिसऱ्यांचे शिंपले वेचून होडीतून परतताना चंपावतीने मोबाइलवर खाडीचा नकाशा उघडला. गावातल्या प्रत्येक होडीखाली आता मुठीएवढे स्वस्त यंत्र होते. होडी जाई तिथला काठ आणि पाण्याखालचा तळ आपोआप रेखला जाई. सारी खाडी उमटली होती. भैरीच्या वळणावर तेवढी एक लांबट जागा पांढरी होती.

"भावोजी, तिथून कुणीच कसं जात नाही?"

"खडक आहेत, वहिनी," वल्हवता वल्हवता गजानन म्हणाला आणि वळसा घेऊ लागला.

"तुमच्या दादांबरोबर कितीदा गेले मी तिथून. नुसता मऊ चिखल आहे."

तिचा नवरा वादळात होडीसकट नाहीसा झाला होता. होडी सापडेपर्यंत बाईने कुंकू पुसायचे नाही, अशी गावाची रीत होती.

गजाननचे वल्हे थांबले. "दादाची होडी पहिल्यांदा मलाच दिसली, त्या चिखलात रुतलेली. मी ती नकाशातून पुसली. मग सगळेच वळसा घालू लागले."

नकाशावर वळशांच्या रेघांनी मधोमध एका होडीचा आकार जपून ठेवला होता. चंपावतीने खाडीचे पाणी ओंजळीत घेतले आणि कपाळावरचे कुंकू धुतले.

"आता सरळच न्या," ती म्हणाली, आणि तिने मोबाइल मांडीवर पालथा घातला.