पंखाखाली सावली नाही

मुलांनो, चितेगावच्या पुढचा एक आटलेला तलाव डोळ्यांपुढे आणा. तळाला भेगा, आणि त्या भेगांवरूनच शहरवाल्यांनी प्लॉटसाठी मारलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. भर दुपारी तिथं पाऊस पाडायला निघालेलं एक छोटं विमान इंजिन बंद पडून उतरलं. वैमानिक धडधाकट बाहेर आला.

“पाऊस पाडायला निघालं अन् सोताच पडलं!” बघायला जमलेल्या गावातला म्हातारा सांडूआजा म्हणाला. गाव खदखदून हसलं. दुसऱ्याची फजिती बघायला त्या गावाला तहानसुद्धा आड येत नसे.

आजा फेटा सावरत ऐटीत पंखाखाली जाऊन बसला आणि लगेच करवादला, “ह्याला तर सावली बी नाय. लई भिकार माल!”

सावली होती. ती त्याच्या नातीला, मंजुषाला दिसत होती. विमानाची ती सावली पंख पसरून एकटीच तलावाच्या तळावर गोल फिरत होती. वर आभाळ रिकामं होतं.

“आजा, ऊठ. ती इकडं येतीय.”

“सावलीला भितीस व्हय? शाळेत हेच शिकवतेत का?”

सावलीच्या फेऱ्यांचा घेर लहान होत गेला, तीही खाली उतरत असावी तशा तिच्या कडा ठळक झाल्या. वैमानिकानं ती पाहिली. हातातला पाण्याचा तांब्या टाकून तो बांधाकडे पळत सुटला.

“पळालं बघा भित्रं!” आजा ओरडला.

मंजुषानं त्याचा हात ओढला. तो हलेना. सावली वळली आणि सरळ त्यांच्यावर येऊ लागली.

तेव्हा मंजुषानं साऱ्या गावासमोर आज्याच्या डोक्यावरचा फेटा हिसकावला आणि बांधाकडे धूम ठोकली. “माझा फेटा!” म्हणत आजा उठला आणि तिच्यामागं पळत सुटला.