तुतीखालची चौकट

हृषिकेश पार्सल घेऊन वर आला, तर त्याच्या लॅपटॉपसमोर दोन म्हाताऱ्या ठाण मांडून बसलेल्या. एक त्याच्या सासूबाई मालिनीताई, थंडी सरल्यावर पुण्याहून लेकीकडे आलेल्या. दुसरी वरच्या मजल्यावरची नाझेली, काकेशसच्या डोंगरातून येऊन न्युरेम्बर्गमध्ये म्हातारी झालेली. अख्खा जिना तिला टांटे, म्हणजे मावशी, म्हणे. या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे, म्हणून दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं. रोज दुपारी शेंगा निवडत दोघी आपापल्या भाषेत आपापल्या सुनांबद्दल बोलत आणि एकमेकींना मनापासून दुजोरा देत.

"अहो जावईबापू, या बघा कशा करताहेत," मालिनीताई म्हणाल्या. "मी म्हटलं, जरा सिरीयल लावावी. तर हेच सुरू झालं. ह्या 'हाल्ट, हाल्ट' म्हणून ओरडल्या, मी दाबलं." सिरीयल थांबवायची लांब पट्टी त्यांना पक्की ठाऊक होती.

पडद्यावर उंचावरून टिपलेलं करडं चित्र थांबलं होतं. एक छप्पर, एक अंगण, एक झाड. झाडाखाली माणूस, आणि माणसाभोवती हिरवी चौकट.

ती चौकट हृषिकेशची, माणूस हलेल तशी त्याच्यामागे जाणारी, त्याच्या प्रोग्रामनं काढलेली. आठवडाभर तो तिच्यामागेच लागला होता. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच, की माणूस झाडाखाली शिरला की चौकट त्याला सोडून देते. आज सकाळी तिनं पहिल्यांदा सोडलं नाही, आणि त्या आनंदात त्यानं स्वतःला दुसरी कॉफी बक्षीस दिली होती. गिऱ्हाईक कोण, हे टीममध्ये कुणी विचारत नसे. वणवे शोधायला, असं म्हणत. घरी बायकोला, वल्लरीलाही, त्यानं तेच सांगितलं होतं.

"आमची तुती," नाझेली जर्मनमध्ये म्हणाली. तिचं बोट पडद्याला टेकलेलं होतं. "ही फांदी आजोबांनी तोडली, तेव्हापासून ती अशी वाकडी वाढली. आणि हा वार्दान. माझा भाऊ."

"टांटे, वरून सगळी झाडं सारखीच दिसतात."

"वरून सगळं सारखंच दिसतं. म्हणून तर बॉम्ब टाकता येतो."

हृषिकेशनं खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"आधी आम्ही शेजाऱ्यांना हाकललं," ती चित्रावरची नजर न काढता म्हणाली. "मग शेजाऱ्यांनी आम्हाला. देवाच्या नावानं ओरडणारे दोन्हीकडून आले, दाढ्या सारख्याच लांब. एका मोठ्या देशानं त्यांना विमानं विकली, दुसऱ्यानं आम्हाला तोफा. तिसऱ्यानं शांतता राखायला पोरं पाठवली. त्यांनी अंगणात तंबू ठोकला, आमच्या तुती खाल्ल्या आणि एका सकाळी निघून गेली. वार्दान फोनवर म्हणाला, फळ पिकलंय, दारू गाळतो आणि मग निघतो."

"काय म्हणताहेत?" मालिनीताईंनी विचारलं.

"भाऊ मागे राहिला. दारू गाळायला."

"म्हणजे दारूपायी! आमच्या अप्पांचंही अस्संच," असं म्हणून त्यांनी नाझेलीच्या पाठीवर हात ठेवला.

"मग?" हृषिकेशच्या तोंडून निघून गेलं. विचारायला नको होतं.

"मग काही नाही. फोन नाही, कबर नाही. इथला पाद्री दर रविवारी विचारतो, प्रार्थनेत भावाचं नाव जिवंतांत घेऊ की मेलेल्यांत? मी म्हणते, थांब जरा."

पुढे काय आहे ते हृषिकेशला पाठ होतं. माणूस तुतीखाली उभा राहतो आणि पडदा पांढरा होतो. तिथे तो क्लिप बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावत असे. कॅमेऱ्यात उजेड जास्त शिरला असणार, असं त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं.

"संपली क्लिप," तो म्हणाला.

"कुठे संपली? ही रेघ एवढी बाकी आहे की!" मालिनीताईंनी खाली बोट दाखवलं. सिरीयलींनी त्यांना भलतं तयार केलं होतं.

नाझेलीला मराठी येत नव्हती, पण बोट कळलं. हृषिकेशनं कीबोर्डवर हात आडवा धरला होता. लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"पाद्र्याला काहीतरी सांगायला हवं रे," ती म्हणाली, आणि तिनं पट्टी दाबली.

माणसानं वर पाहिलं. उन्हाला धरतात तसा कपाळावर हात धरला. पडदा पांढरा झाला.

एरवी हृषिकेशनं इथे बंद केलं असतं. आज त्याचा हात नाझेलीच्या हातात होता आणि क्लिप चालूच राहिली. त्या पांढऱ्यात ना झाड, ना अंगण, ना छप्पर. चौकट मात्र होती. हिरवी, माणसाच्या मापाची, रिकामी. धरायला काही नसलं की ती अशीच लटकते, तो मनात म्हणाला. पण ती लटकलेली नव्हती. ती सावकाश निघाली होती, आणि दर पावलाला जराशी डावीकडे झुकत होती.

"डावा पाय," नाझेली म्हणाली. "याच तुतीवरून पडला होता, लहानपणी."

मालिनीताईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी चौकट पडद्याच्या कडेशी पोचली, तशी त्यांनी मांडीवरच्या शेंगा सावरल्या आणि आपली खुर्ची मागे घेतली, कुणाला तरी वाट द्यावी तशी.