झिपऱ्याचं वजन

"ताई, हा हलका झालाय," असं कुत्र्यांचे केस कापणाऱ्या त्या बाई मागच्या खेपेलाच म्हणाल्या होत्या. "मी याला रोज उचलत नाही, पण उचलते तेव्हा मला कळतं. एकदा घरी जाऊन बघून या."

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. कडेवर नऊ महिन्यांची लेक, बाबांचं घर तीन तासांवर, आणि ऊन मी म्हणत होतं. "उन्हाळ्यात कोण जाड होतं हो?" असं म्हणून ती निघाली होती.

आज सहा महिन्यांनी झिपऱ्या त्याच टेबलावर उभा होता. ब्रिआर जातीचा, मूळचा फ्रान्समधला, मेंढ्या राखणारा कुत्रा. डोळे कुठे आहेत ते शोधावं लागायचं, इतके केस. अख्ख्या शहरात त्याला विंचरू शकणाऱ्या या एकट्याच बाई. म्हणून बाबा वर्षातून दोनदा त्याला भाजीच्या टेम्पोतून तिच्याकडे पाठवायचे आणि पुढच्या फेरीला तो परत जायचा. टेम्पोवाला काल त्याला उतरवून गेला होता.

"हा कुत्रा आहे की गोधडी?" बाईंनी कंगवा लावला. तो इंचभरही शिरला नाही. "मागच्या वेळी नवरदेव करून पाठवला होता मी याला. विंचरलंच नाहीये कुणी. कापूनच काढावं लागणार."

मशीन सुरू झालं. केस सुटे पडलेच नाहीत. पाठीवरून अख्खा थर सोलून निघाला आणि टेबलाच्या कडेनं खाली घसरला. त्याखालून जो कुत्रा निघाला तो तिच्या ओळखीचा नव्हता. बरगड्या मोजता येत होत्या. कंबरेची हाडं वर आली होती. लेकीनं एकदाच बघितलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

बाईंनी त्याचा मागचा पाय उचलला. या जातीच्या मागच्या पायांना आतून दोन-दोन जादा बोटं असतात. ती जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे नखं झिजत नाहीत. दर पंधरा दिवसांनी कापावीच लागतात. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. ही नखं ते डोळ्याला भिंग लावून कापायचे. आता त्यांतली दोन गोल वळून मांसात शिरली होती.

"एकोणीस किलो," वजनकाट्याकडे बघून बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी सत्तावीस होता, तेव्हाच मी बोलले. याला उपाशी मारलंय ताई. राग आला तर येऊ दे."

"बाबा? शक्यच नाही." तिचा आवाज चढला. "बाबा आधी याचं पातेलं भरतात, मग स्वतःचं ताट वाढून घेतात. आई गेल्यापासून नेम आहे त्यांचा. याला घातल्याशिवाय ते घास घेत नाहीत."

बाईंनी मशीन बंद केलं.

"मग ताई, तुमचे बाबा कधी जेवलेत?"

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. लेकीला झिप्पू हवा असायचा, म्हणून बाबा त्याला मांडीशी ओढून फोनसमोर बसवायचे. स्क्रीनभर केस. मागून बाबांचा आवाज, "मजेत आहोत आम्ही दोघं." आणि ती त्या केसांकडे बघून नवऱ्याला म्हणायची, "बघ, कसा गुबगुबीत झालाय. बाबांची काळजीच नको." बाबांचा चेहरा शेवटचा कधी बघितला, ते तिला आठवेना.

तिनं फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

"बोल गं."

"बाबा, जेवलात?"

"आत्ताच. पोटभर." आवाज नेहमीसारखाच, थोडा दमलेला.

"काय केलं होतं?"

ते हसले. "नेहमीचंच गं. तू काय आता माझी आई झालीस का? मी जेवलो, झिपऱ्या जेवला."

"झिपऱ्या?"

"हा काय, इथंच पडलाय माझ्या पायाशी. ऊठ रे, ताई बोलतेय."

टेबलावरच्या कुत्र्यानं तो आवाज ऐकून कान उचलले. बाईंनी त्याच्या उघड्या पाठीवर टॉवेल टाकला.

टेम्पोवाल्याला तिनं चार वेळा फोन केला. पाचव्यांदा त्यानं उचलला. "काका ठीक दिसले की. फाटकातूनच दोरी दिली माझ्या हातात. आत? आत कशाला जाऊ मी?" शेजारणीचं म्हणणंही तेच. बाबांना कुणी घरात आलेलं आवडत नाही, त्यामुळे कुणी जात नाही.

ती निघाली आहे. मागच्या सीटवर लेक आणि टॉवेलमधला कुत्रा. रस्ता तीन तासांचा आहे, आणि लेक रडायला लागली की गाडी थांबवावी लागते.

तुम्ही बाबांच्या घराजवळ राहत असाल, तर तेवढ्यात जाऊन या. निळं लोखंडी फाटक; दारावरची पाटी घड्याळाच्या तबकडीची आहे. ते तुम्हाला दारातूनच वाटेला लावतील. जेवलो म्हणतील. तरी आत जा. ओट्यावरची भांडी कोरडी आहेत का बघा, काहीतरी गरम करून त्यांच्यापुढे ठेवा आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत उठू नका. मधेच ते वाकून एक घास खाली धरतील. धरू द्या. तिथं कुणी नाही, हे एवढ्यात सांगू नका.