ओल्हिवकाची साक्ष

“आधी तिला बाहेर जाऊ दे,” विन्सेंती हळूच म्हणाला. मग त्याने बायकोला हाक मारली. “ओदार्का, कोंबड्यांना दाणे टाकलेस?”

“सकाळीच टाकले.”

“परत टाक.”

ओदार्काने नवऱ्याकडे पाहिलं, पाहुणीकडे पाहिलं, दाण्यांचं भांडं उचललं आणि ती अंगणात गेली.

पाहुणी म्हणजे डॉक्टर याग्ना शेलिगा, लुब्लिनला इतिहास शिकवणारी. महायुद्धाच्या शेवटी बूग नदीच्या काठी पोलिश आणि युक्रेनियन शेजाऱ्यांनी एकमेकांची गावं जाळली, त्यावर ती पुस्तक लिहीत होती. पुस्तक जवळजवळ झालं होतं. अडलं होतं ते एका प्रकरणापाशी. ओल्हिवका हे युक्रेनियन गाव पोलिश टोळीने जाळलं, असं याग्नाचं म्हणणं होतं. ती स्वतः पोलिश असून असं म्हणते, याचा पुष्कळांना राग होता. त्यांच्या मते ते गाव आपल्याच चुलीने पेटलं. सगळ्या चुली एकाच सकाळी कशा भडकल्या, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. नाव घेऊन सांगेल असा साक्षीदार याग्नाकडे नव्हता. त्याच्या शोधात ती देशाच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात येऊन पोचली होती. युद्धानंतर दोन्हीकडची उरलीसुरली माणसं इथेच येऊन पडली होती; काही आपणहून, काही सैनिकांच्या पहाऱ्यात.

विन्सेंती पोलिश, ओदार्का युक्रेनियन. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेली. याग्नाचा नियम असा की साक्ष एकेकाची, वेगवेगळी घ्यायची.

रेकॉर्डर सुरू झाला.

“आमचं यानोवेक युक्रेनियनांनी जाळलं,” विन्सेंती म्हणाला. “आई आणि दोन्ही बहिणी घरात होत्या. मी थोरल्या भावाबरोबर लाकडं आणायला रानात गेलेलो. म्हणून मी तुमच्यासमोर बसलोय.” दुसऱ्याच्या शेताची हद्द सांगावी तसा तो सांगत होता. “झिग्मुंट, म्हणजे माझा भाऊ, लगेच पोलिश टोळीत गेला. ओल्हिवका त्यांनीच जाळलं. प्यायला की सांगायचा. कोणाच्या अंगणात कोणाला गोळी घातली, तेसुद्धा.”

याग्ना ज्यासाठी इतकी वर्षं वणवण करत होती, ते हेच. तिने आवाज स्थिर ठेवला. “हे छापलं तर चालेल?”

“भाऊ वारला. त्याला काय फरक पडतो? गाव चुलीने पेटलं म्हणतात, ते मला आवडत नाही.” त्याने खिडकीतून अंगणात पाहिलं. “पण ओल्हिवका तिचं गाव, बाई. तिचा बाप त्यातच गेला. झिग्मुंटचं तिला ठाऊक नाही. ती गेल्यावर छापा. ती आहे तोवर एक अक्षर नको.”

मग तो कुऱ्हाड घेऊन मागच्या बाजूला लाकडं फोडायला गेला आणि ओदार्का आत आली.

“कोंबड्यांना आता अजीर्ण होणार,” ती म्हणाली. तिने चहा ओतला, त्यात रास्पबेरीचा पाक घातला. “काय म्हणाला म्हातारा? नको सांगूस. विचार तुला काय ते.”

याग्नाने विचारलं.

“मी बटाट्याच्या खड्ड्यात होते. आईने वर फळी टाकली होती. फटीतून अंगण दिसायचं. बाबांना गोळी घालणाऱ्याचा डावा कान अर्धाच होता. तो मला परत भेटला.”

“कुठे?”

“माझ्या लग्नात. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणून पहिल्या बाकावर बसला होता. लग्नाआधी त्याला पाहिलंच नव्हतं, लांब बंदरावर कामाला होता ना. कोंबडीचं सूप घेऊन मी त्याच्या बाजूला वाकले, तर समोर तो कान.”

“मग?”

“मग वाढलं. लोक बघत होते.”

मागे लाकूड फुटल्याचा आवाज आला.

“विन्सेंतीला माहीत आहे?”

“भावाने काय केलं ते? नसावं. फार जीव होता त्याचा त्याच्यावर. आईच्या माघारी झिग्मुंटनेच वाढवला त्याला.”

“आणि तुम्ही इथे राहिलात.”

“पहिलं वर्ष रोज निघायचं ठरवायची. तेवढ्यात गाय व्यायली. मग थोरला झाला.” तिने टेबलावर सांडलेला पाक बोटाने पुसला. “हे बघ पोरी, त्याच्या आईला आमच्या माणसांनी जाळलं. माझा मामा त्यात होता का, असं त्याने मला कधी विचारलं नाही.”

“होता?”

“होता.”

याग्नाने रेकॉर्डर चालू आहे ना ते पाहिलं.

“सगळं घाल पुस्तकात,” ओदार्का म्हणाली. “नाव, गाव, कान. फक्त म्हातारा गेल्यावर घाल. आता हे ऐकलं तर तो मरेल.”

निरोप द्यायला दोघं फाटकापर्यंत आली. ओदार्काने मुरवलेल्या अळंब्यांची बरणी दिली. झाकण सैल लावलंय म्हणून विन्सेंती तिच्यावर डाफरला, आणि मग एवढं घट्ट केलं की ते उघडेल की नाही याची शंकाच होती.

वाटेत याग्नाने गाडी एका तळ्याकाठी थांबवली. तिच्याजवळ एक नाव होतं आणि ते एकमेकांच्या नकळत सांगणारे दोन साक्षीदार होते. तिच्या धंद्यात याहून पक्कं काही नसतं. चुलीवाल्यांची तोंडं एका पानात बंद झाली असती. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली आणि मग घरी गेली.

वसंतात प्रकाशकाचा फोन आला. विरोधकांचं पुस्तक बाजारात आलं होतं. त्यात याग्नाची नावानिशी टिंगल होती, आणि चूल होतीच. तो वैतागला होता.

“ओल्हिवकाचं प्रकरण कुठे अडलंय? साक्षीदार मिळाला नाही का?”

“दोन मिळाले.”

“मग अडचण काय आहे?”

“दोघंही ठणठणीत आहेत,” याग्ना म्हणाली. “खूप उशीर व्हावा, अशी माझी इच्छा आहे.”